सोलापुरात स्वयंसेवक व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजं सुरू झाली की हे प्रश्न हमखास येतात. काही मुलामुलींचे असतात, काही त्यांच्या आईवडलांचे, तर काही थेट वस्तीतून येतात. उत्तरं सोलापूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. इथल्या निम्म्या शहराची घरची भाषा मराठी नाही, अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही आणि एप्रिल-मेच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दुसऱ्या शहरातला उपक्रम उचलून इथे आणला तर तो महिन्याभरात गळतो, तो याच कारणांनी.

मला काहीतरी करायचंय, पण काय करू ते सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

काम आधी ठरवू नका, वस्ती ठरवा. घरापासून किंवा कॉलेजपासून चालत जाता येईल अशी एक वस्ती निवडा आणि दोन-तीन वेळा नुसतं जाऊन या. दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या बायका असतील, कट्ट्यावर म्हातारी माणसं असतील, किराणा दुकानदार असेल. त्यांना विचारा, 'तुमचं काय अडलंय?' ऐकू येणारी उत्तरं अशी असतात: आजीची पेन्शन तीन महिन्यांपासून बंद आहे, पोरगं सहावीत गेलं तरी त्याला धड वाचता येत नाही, आधार कार्डावर जन्मतारीख चुकली आहे, बोळातला दिवा बंद आहे. 'पर्यावरण जनजागृती रॅली काढा' असं कुणीही म्हणत नाही.

यातलं एकच काम घ्या आणि ते तडीस न्या. आजीची पेन्शन सुरू झाली की पुढची दहा कामं आपोआप तुमच्यापर्यंत येतील, कारण तोवर गल्लीत तुमचं नाव झालेलं असतं.

त्यासाठी एनएसएसमध्ये असावं लागतं का?

नाही. पण कॉलेजात असाल तर राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालाच. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर, असं तिचं स्वरूप आहे. आपल्याकडे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत तिचे विभाग आहेत. कॉलेजात असोत वा नसोत, १५ ते २९ वयाच्या तरुणांसाठी केंद्र सरकारने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी 'माय भारत' हे व्यासपीठ सुरू केलं. तिथे मोफत नोंदणी होते.

मात्र सात दिवसांच्या शिबिरावर सगळं सोडू नका. शिबिरात रस्ता झाडला जातो, आठव्या दिवशी तो पुन्हा घाण होतो. त्याच गावात दर महिन्याला दोघं जण जात राहिले तर त्या शिबिराला अर्थ येतो.

आठवड्याला किती वेळ द्यावा लागतो?

दोन तास पुरतात, पण वार आणि वेळ ठरलेली हवी. रविवारी दहा म्हणजे दहा. परीक्षा असो, लग्न असो, पाऊस असो, गटातलं कुणी ना कुणी तिथे असलंच पाहिजे. वस्तीतल्या मुलांनी येऊन जाणारी माणसं पुष्कळ पाहिलेली असतात. वही-पेन वाटून, केक कापून गेलेली माणसं पुन्हा दिसत नाहीत, हे त्यांना पाठ असतं. तुम्ही पाचव्या रविवारीही आलात की मुलं तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात.

वेळ ठरवली, तरी कधीकधी एकही मूल येत नाही. असं का होतं?

त्या दिवशी पाणी आलेलं असतं. उजनीची जलवाहिनी असो की टाकळी-हिप्परग्याची, आपल्या भागात नळ कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार यावर घराघराचं वेळापत्रक बेतलेलं असतं. पाणी आलं की पिंप, घागरी, बादल्या, टाकी, जे असेल ते भरायला सगळं घर लागतं, आणि मुलींना तर हलताच येत नाही. ते चुकवून त्यांनी वर्गाला यावं ही अपेक्षाच चूक आहे.

उपाय सोपा आहे. वस्तीतल्या एका ताईंचा नंबर घ्या आणि आदल्या रात्री विचारा, 'उद्या पाणी आहे का?' असेल तर वर्ग दोन तास पुढे ढकला. कधीमधी एखाद्या आजीच्या दोन घागरी भरून द्या. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतही हाच हिशोब ठेवा. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांची मिरवणूक असते तेव्हा सोलापुरात कुणी अभ्यासाला बसत नाही, आणि बसूही नये.

मुलांना शिकवायचं आहे. काय शिकवू?

वाचायला शिकवा. बाकी सगळं नंतर.

शाळेचा गृहपाठ करून घेणं म्हणजे शिकवणं, असा बहुतेकांचा समज असतो. पण पाचवीतल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नसेल, तर परिसर अभ्यासाचं उत्तर फळ्यावरून उतरवून त्याच्या हाती काही लागत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला बाजूला बसवून आधी एक अक्षर, मग एक शब्द, मग एक वाक्य, मग चार ओळींचा उतारा वाचायला द्या. जिथे अडेल तिथून त्याची सुरुवात. इयत्तेप्रमाणे नाही, या पातळीप्रमाणे गट करा. सातवीचा मुलगा तिसरीच्या मुलांशेजारी बसायला लाजत असेल, तर त्याला 'तू यांचं वाचन ऐक' असं काम द्या. ऐकता ऐकता तोही वाचू लागतो.

पूर्व भागात, म्हणजे दाजी पेठ, साखर पेठ, अशोक चौक, नीलमनगर या पट्ट्यात, बहुतेक मुलं घरी तेलुगू बोलतात. अक्कलकोट रस्त्याकडच्या वस्त्यांत कन्नड बोलणारी मुलं भेटतात, इतर काही भागांत उर्दू किंवा दखनी. शाळा मात्र अनेकांची मराठी किंवा इंग्रजी. हे मूल 'कच्चं' नसतं. ते दोन-तीन भाषा एकाच वेळी सांभाळत असतं. त्याला आधी त्याच्या भाषेत गोष्ट सांगू द्या, मग तीच गोष्ट मराठीत दोन वाक्यांत लिहून वाचायला द्या. स्वतःच्या तोंडची गोष्ट कागदावर दिसली की मुलं बोट ठेवून ठेवून ती वाचतात.

जागेचाही विचार करा. शेजारी यंत्रमाग चालू असेल तर त्या खटखटाटात हळू आवाजाच्या मुलीचं वाचन तुम्हाला ऐकूच येणार नाही, आणि मोठ्याने विचारलंत तर ती गप्प बसेल. समाजमंदिर, शाळेची खोली, मंदिराचा मंडप, मदरशाचा वरांडा, जे मिळेल ते मागा. लोक देतात.

विडी कामगार कुटुंबांसाठी काय करता येईल?

खूप काही, आणि त्यातलं बहुतेक काम मोबाइल नीट वापरता येणारं एकोणीस वर्षांचं मूल सहज करू शकतं.

सोलापुरात विडी वळण्याचं काम प्रामुख्याने बायका घरी बसून करतात. तेंदूची पानं कात्रीने कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची आणि माल कारखान्यात नेऊन द्यायचा. वर्षानुवर्षं हे केल्यावर अंगठ्याच्या आणि बोटांच्या रेषा झिजतात. मग बँकेत किंवा रेशन दुकानात ठसा उमटत नाही. एखादी सत्तरीची आजी मशीनवर अंगठा ठेवते. लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवते. पुन्हा लाल. दुसरं बोट, तिसरं बोट. मागची रांग कुरकुरू लागते आणि आजी अपराधी चेहऱ्याने बाजूला होते. जिच्या हातांनी आयुष्यभर काम केलं, तिला ते हातच तिचे आहेत हे सिद्ध करता येत नाही. हे बघून गप्प बसवत नाही.

इथे तुम्ही उपयोगी पडता. भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन घेणाऱ्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चेहऱ्याच्या पडताळणीने, साध्या अँड्रॉइड फोनवरून, घरबसल्या देता येतो. त्यासाठी 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप लागतात. आजीला उजेडाकडे तोंड करून बसवायचं, डोळ्यांची उघडझाप करायला सांगायचं, झालं. एकदा दिलेला हा दाखला पुढे वर्षभर चालतो. तो वेळेत गेला नाही तर पेन्शन थांबते. या पेन्शनची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. रक्कम किती तुटपुंजी आहे ते दिसतंच, पण औषधाच्या दुकानात त्याच पैशांवर उधारी चालते.

दुसरं काम शिष्यवृत्तीचं. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे आणि तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो. मुदत दर वर्षी बदलते, म्हणून शाळा सुरू झाल्यापासूनच लक्ष ठेवा. अर्ज अडतात ते नावापायी. तेलुगू आडनाव इंग्रजीत आधारवर एका स्पेलिंगने, बँकेत दुसऱ्या आणि शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्या. अर्ज उघडण्याआधी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. तीच गोष्ट ई-श्रम कार्डाची. असंघटित क्षेत्रातल्या १६ ते ५९ वयाच्या कामगारांची ही नोंदणी मोफत आहे. कुणी पैसे मागत असेल तर वस्तीला तसं स्पष्ट सांगा.

काही नियम मात्र दगडावरची रेघ समजा. कुणाच्याही खात्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडायचा नाही. ओटीपी त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच समोर. काम झालं की आधारचे फोटो तुमच्या फोनमधून लगेच काढून टाकायचे. आणि 'मी करून देतो' म्हणून आजीची सही स्वतः कधीच करायची नाही.

मला तेलुगू किंवा कन्नड येत नाही. अडचण होईल का?

थोडी होईल, पण फार नाही. दारात गेल्यावर तेलुगू घरात 'तिन्नारा?' आणि कन्नड घरात 'ऊटा आय्ता?' एवढं विचारलंत तरी पुरे. दोन्हींत जेवण झालं का, हेच विचारलं जातं, आणि उत्तरासोबत बसायला पाट येतो. आजारी माणसाशी बोलताना 'नोप्पि' म्हणजे दुखणं आणि 'मंदु' म्हणजे औषध, हे दोन तेलुगू शब्द फार कामाचे आहेत. गटात प्रत्येक भाषेचा एक तरी जण असावा. सोलापुरात तो शोधावा लागत नाही, तुमच्याच बाकावर बसलेला असतो.

रक्तदान शिबिर घ्यायचं आहे. कधी घ्यावं?

जयंतीला किंवा वाढदिवसाला घेऊ नका. त्या दिवशी शहरात आधीच दहा ठिकाणी शिबिरं असतात. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर फक्त पाच दिवस. एकाच दिवशी शेकडो पिशव्या गोळा झाल्या तरी पुढच्या महिन्यात टंचाई ती असतेच. खरी ओढाताण एप्रिल-मेमध्ये होते. कॉलेजं बंद असतात, ऊन चाळिशीपार गेलेलं असतं, लोक गावी गेलेले असतात. तेव्हा सकाळी सात ते दहा या वेळेत छोटं शिबिर घ्या.

रक्तदात्याचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवसांचं अंतर ठेवायचं. बऱ्याच मुलींचं हिमोग्लोबिन कमी निघतं आणि त्या खट्टू होऊन घरी जातात. त्यांना तसंच जाऊ देऊ नका, डॉक्टरांशी दोन मिनिटं बोलायला लावा. तिच्यासाठी शिबिराचा तोच फायदा आहे.

शिबिरापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे दात्यांची यादी. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. नाव, रक्तगट आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख लिहिलेली वही दोघांनी सांभाळली तर अशा घरांची रात्रीची धावपळ वाचते.

झाडं लावायची आहेत. नान्नजला गेलो तर चालेल का?

झाडं लावायला नान्नजला जाऊ नका. ही सूचना फार मनापासून आहे. बार्शी रस्त्यावरचं नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झालं, ते गवताळ माळ राखण्यासाठी. माळढोक, काळवीट, लांडगा, खोकड यांना मोकळं गवत लागतं. 'ओसाड' दिसतो म्हणून माळावर झाडं लावली की जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची जागा जाते आणि शिकारी पक्ष्यांना बसायला फांद्या मिळतात. ग्लिरिसिडियासारख्या बाहेरून आणलेल्या झाडांनी या माळांचं नुकसानच केलं आहे. माळढोक आज मुख्यत्वे राजस्थानातच उरला आहे. माळासाठी काही करायचंच असेल तर वन विभागाशी बोलून वणवा रोखण्याच्या किंवा प्लास्टिक गोळा करण्याच्या कामाला जा.

शहरात मात्र झाडं हवीतच. कडुनिंब, करंज, चिंच, वड, पिंपळ, बोर ही आपल्या उन्हाला टिकणारी. जुलैत शंभर लावण्याऐवजी दहा लावा. सोलापूरचा पाऊस आधीच बेताचा, आणि रोपाची खरी परीक्षा मार्च ते जून या महिन्यांत असते. पहिले दोन-तीन उन्हाळे प्रत्येक रोपाला आठवड्यातून दोनदा पाणी कोण घालणार, त्याचं नाव ठरलं नसेल तर खड्डा खणू नका. पिण्याच्या पाण्याचीच ओढ असलेल्या गल्लीत झाडाला पाणी मागताना भांडी-धुण्याचं पाणी मागा, ते मिळतं.

गड्डा यात्रेत किंवा पालखीत सेवा करता येते का?

येते. सिद्धेश्वर यात्रेत आणि आषाढीआधी श्री गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून पंढरपूरकडे जाते तेव्हा, दोन्ही वेळी माणसं लागतात. पाणी आणि खिचडी वाटायला गर्दी होते. पाय दाबायला, फोडांना पट्टी बांधायला, शौचालय कुठे आहे ते सांगायला आणि मागे पडलेले द्रोण-पत्रावळ्या उचलायला कमी माणसं येतात. ती कामं मागून घ्या. हरवलेलं मूल सापडलं तर त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. मुलाला जवळच्या पोलीस मदत केंद्रात घेऊन जा आणि आईवडील येईपर्यंत त्याच्याजवळ बसा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइनही लक्षात ठेवा.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये काय मदत करता येते?

सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, आपल्या जिल्ह्यातलेच नाही तर धाराशिव, लातूर, कलबुर्गी, विजयपूरकडचेही रुग्ण येतात. केस पेपर कुठे काढायचा, रक्त तपासणी कुठल्या इमारतीत, एक्स-रे कुठे, यातच त्यांचा अर्धा दिवस जातो. रुग्णालयाच्या परवानगीने रस्ता दाखवणं, कन्नड नातेवाइकाचं म्हणणं डॉक्टरांना मराठीत सांगणं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलापर्यंत नेऊन सोडणं, एवढं केलंत तरी पुष्कळ. औषध सुचवायचं नाही, रिपोर्टचा अर्थ सांगायचा नाही.

रस्त्यावर अपघात दिसला तर? पोलिसांच्या फेऱ्यात अडकू, अशी भीती वाटते.

थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार, जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. १०८ ला फोन करा. मान किंवा पाठ दुखावली असेल तर रिक्षात कोंबू नका, वाहतूक थोपवून धरा.

साप निघाला की मुलं पकडायला धावतात. हे धाडस करावं का?

नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. चावा झाला असेल तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही न करता, अवयव न हलवता थेट दवाखाना.

पुरासारख्या संकटात कसं जावं?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा काठच्या गावांत शहरातून मदतीच्या गाड्या गेल्या. अशा वेळी आधी फोन करून काय हवंय ते विचारा. जुन्या कपड्यांचे ढीग कुणाला नको असतात. पाणी ओसरल्यावर लागतात ती घरातला गाळ उपसणारी माणसं, जनावरांना चारा, मुलांना वह्या आणि दप्तरं, आणि भिजलेल्या कागदपत्रांच्या नव्या प्रती काढून देणारं कुणीतरी. पहिल्या आठवड्यात सगळे जातात, तुम्ही तिसऱ्या आठवड्यात जा. वाहत्या पाण्यात उतरणं हे प्रशिक्षित पथकाचं काम आहे.

माझी मुलगी संध्याकाळी वस्तीत जाते. ती सुरक्षित असेल ना? (एका आईचा प्रश्न)

ताई, हा प्रश्न विचारलात हे चांगलं केलंत. गटाकडून इतक्या गोष्टींची खात्री करून घ्या: कुणीही एकटं जात नाही, दोघं-तिघं मिळून जातात. वेळ दिवेलागणीच्या आत संपते. वर्ग उघड्या जागी होतो, बंद खोलीत नाही. गटात एक मोठं, जबाबदार माणूस आहे आणि त्याचा नंबर तुमच्याकडे आहे. अठराच्या आतल्या मुलामुलींना पालकांच्या लेखी संमतीशिवाय घेत नाहीत. ११२ सगळ्यांना पाठ आहे. शक्य असेल तर एकदा तुम्हीच तिच्यासोबत जा. वस्तीतल्या बायकांशी तुमची ओळख झाली की त्याच तिच्यावर लक्ष ठेवतात.

आणि मुलालाही हेच नियम लावा.

यंदा बारावी आहे. सोडावं का?

सोडू नका, महिन्यातून एकदा जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्ण सुट्टी घ्या आणि तसं मुलांना आधी सांगून ठेवा.

मी कॉलेजात नाही, गारमेंटमध्ये शिलाईला आहे. माझा काही उपयोग होईल?

तुमच्या हातात जे आहे ते कॉलेजच्या मुलांकडे नाही. सोलापुरात देशभरातल्या शाळांचे गणवेश शिवले जातात आणि इथल्याच मुलांच्या गणवेशाची शिवण उसवलेली असते. जूनमध्ये एका सुट्टीच्या दिवशी मशीन घेऊन शाळेच्या वरांड्यात बसा. उसवलेली शिवण, तुटलेली बटणं, आखूड झालेल्या पँटची दुमड सोडणं, सगळं तासाभरात उरकतं. ज्या मुलाला फाटक्या खिशामुळे चिडवतात, ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येतं. यंत्रमागावर काम करणारे, रिक्षा चालवणारे, मोबाइल दुरुस्त करणारे, वायरमन, सगळ्यांना हेच सांगणं आहे.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी लेखनिक व्हायचं आहे.

जरूर व्हा. दहावीच्या परीक्षेला लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणून नववीतल्या मुलांनी हे आवर्जून करावं. त्याची परवानगी शाळेमार्फत आधी काढावी लागते. परीक्षेआधी दोनदा एकत्र सराव करा, म्हणजे सांगणाऱ्याचा आणि लिहिणाऱ्याचा वेग जुळतो. तो सांगेल तेच लिहायचं, उत्तर चुकीचं वाटलं तरी.

कामाचे फोटो, रील टाकले तर काय बिघडतं?

काम दाखवा, माणसाची गरज दाखवू नका. साफ केलेली विहीर, रंगवलेली भिंत, जगलेलं झाड, खुशाल टाका. हातात किराण्याची पिशवी घेऊन खाली मान घातलेल्या बाईचा फोटो टाकू नका. तिच्या मुलीच्या वर्गातल्या मुलांच्या फोनवरही तो पोचतो. मुलांचे चेहरे तर पालकांना विचारल्याशिवाय कधीच नको.

पैसे गोळा करावेत का? आणि पुढारी मदत करतो म्हणाले तर?

होता होईल तो पैसे नको, वस्तू घ्या आणि देणाऱ्याच्या हातूनच द्या. सार्वजनिक वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून रीतसर परवानगी घ्यावी लागते. पैसे आलेच तर पावती, वही आणि दोघांच्या सह्या हव्यात.

पुढाऱ्यांकडून खोली, पाण्याचा टँकर, रस्त्यावरचा दिवा मागायला हरकत नाही, ते त्यांचं कामच आहे. पण त्यांच्या डिजिटल फलकावर गटाचा फोटो जाऊ देऊ नका. एकदा तो लागला की समोरच्या पक्षाच्या घरातली मुलं वर्गाला येईनाशी होतात.

प्रमाणपत्र मिळतं का?

एनएसएसमध्ये मिळतं. स्वतंत्र गटात काम करत असाल तर शाळेच्या मुख्याध्यापकांकडून पत्र मागा. मागण्यात कमीपणा नाही, नोकरीच्या अर्जाला ते लागतं.

सोलापुरात या कामाची काही परंपरा आहे का?

आहे, आणि ती तरुणांचीच आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, पोलीस शहरातून हटले, आणि त्या काही दिवसांत शहराची व्यवस्था स्वयंसेवकांनी सांभाळली. त्यानंतर मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. चार हुतात्मा चौकातून रोज जाता-येता ही चार नावं एकदा सावकाश वाचा. एका कन्नड भाषकाचं, एका मारवाड्याचं, एका मराठ्याचं आणि एका मुसलमानाचं नाव एका रांगेत आहे. वर ज्या सोलापूरबद्दल लिहिलं ते हेच.

आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते. इतर सहकारी परतले, ते तिथेच राहिले, चिनी भाषा शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. त्यांचं स्मारक शहरातच आहे. गटातल्या नव्या मुलांना पहिल्या महिन्यात तिथे घेऊन जा.

कॉलेज संपतंय, गटातले सगळेच पुण्याला चाललेत. काम कसं सोडावं?

दरवर्षी जून उजाडला की निम्मा गट पुण्या-हैदराबादला जातो, त्यामुळे याची तयारी जानेवारीपासून करा. पहिल्या वर्षाची दोन मुलं शोधा आणि तीन महिने बरोबर न्या. वही त्यांच्या ताब्यात द्या. तिच्यात कोणतं मूल कोणत्या पातळीवर वाचतं, कोणत्या आजीचा हयातीचा दाखला कोणत्या महिन्यात संपतो, कुठल्या रोपाला कोण पाणी घालतं आणि पाण्याचा दिवस सांगणाऱ्या ताईंचा नंबर, हे सगळं असायला हवं. समाजमंदिराची किल्ली ज्यांच्याकडून घेतली त्यांना सांगूनच नव्या मुलांकडे द्या. नवे कुणी मिळालेच नाहीत, तर मुलांना आणि त्यांच्या आयांना समोर बसवून सांगा की अमुक रविवार शेवटचा, त्यानंतर वाट बघू नका. आणि मुलांची वाचनाची नोंद शाळेतल्या बाईंच्या हातात देऊन या.